विहिरीतल्या चमकणाऱ्या दगडांचं काय करायचं?

नाशिक जिल्ह्यातून एका वाचक मुलीचं पत्र आलंय. थोडक्यात सांगते. वडिलांनी शेतात नवीन विहीर काढायला घेतली, चाळीसेक फुटांवर सुरुंग लावला आणि एका बाजूला माणूस वाकून आत जाईल एवढी पोकळी उघडी पडली, आतून सगळी चमकणाऱ्या खड्यांनी भरलेली. पांढरे, थोडे गुलाबी, काही हिरवट. आजी म्हणते हिरे आहेत, एखादा देव्हाऱ्यात ठेवा. भाऊ हातोडी घेऊन उतरला आणि दोन पाट्या भरून वर आणल्या. दुसऱ्याच दिवशी एक माणूस मोटारसायकलवर हजर, म्हणाला सगळा माल पंधरा हजाराला उचलतो, आत्ता कॅश. गावच्या सोनाराने मात्र बघून सांगितलं की याला शून्य किंमत आहे. आता घरात रोज वाद. ती विचारते, "मावशी, तुम्ही भूगर्भशास्त्र शिकवायचात म्हणून लिहिते. यातलं खरं मोलाचं काय आणि नुसता दगड काय हे आमच्यासारख्यांनी ओळखायचं कसं? आणि त्या माणसाला द्यायचं का?" सोबत पाच फोटो पाठवलेत.

अगं पोरी, सगळ्यात आधी भावाला विहिरीतून वर बोलाव. बाकीचं नंतर वाच.

खरंच सांगते, तुझं पत्र वाचताना मला खड्यांच्या आधी त्याचीच काळजी वाटली. सुरुंगाने हललेला कातळ असतो, वरून कधी कपचा सुटेल सांगता येत नाही, पोकळीच्या छताला लोंबणारे दगड तर नुसत्या हातोडीच्या ठोक्याने खाली येतात, आणि सुरुंगाचा धूर अशा कोपऱ्यात किती वेळ साचून राहतो ते वरून कळत नाही. डोक्याला हेल्मेट नाही, वर यारीवर कुणी थांबलेलं नाही आणि एकटा पोरगा आत, असं एकदाही परत करू नका. विहीर काढणाऱ्या लोकांना विचारा, कुठला कातळ उभा राहतो आणि कुठला सुटतो हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

आता आजींचं. त्यांना सांग की हिरे नाहीत, पण त्यांचं चुकलं असंही म्हणू नकोस, कारण देव्हाऱ्यात ठेवावंसं वाटण्यासारखी वस्तू आहे ती. तुझ्या दुसऱ्या फोटोत जे चौकोनी, काचेसारखे, टोकाला निमुळते खडे दिसतायत ते मला अपोफिलाइट वाटतात. गुलाबी-पीच रंगाचे जे झुबके आहेत, गव्हाची पेंढी मधे बांधली की दोन्ही टोकांना फुलते तसे, ते स्टिल्बाइट. हे तुमच्या भागात भरपूर सापडतं. जवळजवळ 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी आपल्याकडे लाव्हाचे थरावर थर पसरले, त्या लाव्हात वायूचे बुडबुडे अडकले, लाव्हा थिजला आणि बुडबुड्यांच्या जागा पोकळ राहिल्या. मग कातळातून गरम पाणी झिरपत राहिलं आणि पाण्यात विरघळलेले क्षार त्या पोकळ्यांच्या भिंतीवर सावकाश बसत गेले. आधी एक थर, मग त्यावर दुसरा, असं करत करत खडे वाढले. विहीरवाले ज्याला मांजऱ्या म्हणतात ना, पांढरे ठिपके ठिपके असलेला खडक, ते ठिपके म्हणजे भरून गेलेले छोटे बुडबुडे. तुमच्या विहिरीत त्यातलाच एक मोठा बुडबुडा अर्धवट रिकामा राहिला आणि आत खड्यांना वाढायला जागा मिळाली.

सोनाराकडे नेलंत ते साहजिक आहे, चमकणारी वस्तू म्हटल्यावर आपण तिकडेच जातो. पण तो सोन्याच्या आणि अंगठीतल्या खड्याच्या हिशोबाने बघतो, आणि त्या हिशोबाने तो बरोबरच बोलला. अपोफिलाइट मऊ असतो, त्यावर सुरीचा ओरखडा पडतो, आणि आडवा टिचकन तुटतो, अंगठीत बसवला तर महिनाभरात खराब होईल. स्टिल्बाइट तर त्याहून मऊ. पण जगभर असे लोक आहेत, आणि म्युझियम आहेत, ज्यांना हा खडा कापून पॉलिश केलेला नको असतो, त्यांना तो जसा उगवला तसाच हवा असतो, आपल्या मूळ दगडावर बसलेला, टोकं शाबूत. हा पूर्ण वेगळा बाजार आहे. मोटारसायकलवरचा माणूस त्या बाजारातला आहे, सोनार नाही, एवढाच फरक. तो माणूस चोर आहे असं मी म्हणत नाही हं, गावोगाव फिरून, विहिरी आणि क्रशर बघत हिंडून माल गोळा करणं हा त्याचा धंदा आहे आणि यातलं पुष्कळ त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत असेल. पण त्याने सगळा माल एकत्र मागितला, यातच कळतं की त्याला त्या ढिगात काहीतरी दिसलंय आणि तुम्हाला दिसलेलं नाही.

तुझा मुख्य प्रश्न ओळखायचं कसं हा आहे. बघ, दुर्मिळ वस्तू ओळखायला आधी साधी वस्तू इतकी नीट माहीत पाहिजे की झोपेतही ओळखू यावी. मी पोरांना पहिले दोन महिने फक्त गार, कॅल्साइट (चुन्याचा खडा) आणि स्टिल्बाइट हाताळायला द्यायचे, दुसरं काही नाही, पोरं कंटाळायची, पण नंतर हजार तुकड्यांत एखादा वेगळा आला की त्यांची बोटं आपोआप थांबायची. तू पण तेच कर. दोन पाट्यांमधले तुटकेफुटके तुकडे घे, ते शिकायला, आणि चांगल्या नगांना अजिबात हात लावू नकोस.

आधी टोक बघ. खड्याच्या टोकाला किती उतार एकत्र येतात ते मोज. चार असतील तर बहुतेक अपोफिलाइट, सहा असतील तर ती गार, म्हणजे क्वार्ट्झ. टोक सपाट असेल तर त्या सपाट बाजूवर मोत्यासारखी, माशाच्या डोळ्यासारखी चमक दिसते का बघ, ती अपोफिलाइटची खूण आहे, त्याला जुन्या काळी मत्स्यनेत्री म्हणावं अशा अर्थाचंच नाव होतं युरोपात. बाजूंवर बारीक रेघा उभ्या असतील तर अपोफिलाइट, आडव्या असतील तर क्वार्ट्झ. तुटक्या तुकड्याने जुन्या बाटलीच्या काचेवर ओढून बघ, काचेवर खरा ओरखडा पडला तर गार, नाही पडला तर दुसरं काहीतरी. पारदर्शक तुकडा पेपरवर ठेवला आणि खालचं अक्षर दोन-दोन दिसलं तर कॅल्साइट, त्यावर लिंबाचा थेंब टाकून भिंगातून बघितलं तर बारीक बुडबुडे येताना दिसतील. भिंग घेच, दहापट मोठं दाखवणारं, घड्याळ दुरुस्तीवाल्यांकडे असतं तसलं, दोन-तीनशे रुपयांत मिळायला हरकत नाही.

लिंबाचा थेंब म्हटलं म्हणून कुणी आता बाथरूम साफ करायचं अ‍ॅसिड आणू नका!! हे मी कळवळून सांगते. खड्यांवर कॅल्साइटचा पांढरा थर असला की लोक तो काढायला अ‍ॅसिडमध्ये बुडवतात, कॅल्साइट जातो खरा, पण खालचे अपोफिलाइट आणि झिओलाइट (स्टिल्बाइटच्या कुळातले खडे) पण खाल्ले जातात, चकाकी मरते, आणि मग काहीही केलं तरी ती परत येत नाही. गरम पाण्यात उकळू पण नका. या खड्यांच्या आतच पाणी बांधलेलं असतं, तापवलं की ते सुटून जातं आणि खडा पांढरट होतो, तडकतो. झिओलाइट हे नावच त्यावरून आलंय, 1756 मध्ये क्रॉनस्टेट नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने स्टिल्बाइटच्या जातीचा दगड तापवला तर तो उकळल्यासारखा फसफसला म्हणून त्याने उकळणारा दगड असं नाव दिलं. लॉमोंटाइट नावाचा एक खडा तर नुसता बाहेर हवेत कोरडा झाला तरी काही दिवसांत पिठासारखा भुगा होतो. म्हणून पत्र्यावर उन्हात वाळत घातले असतील तर आजच आत घ्या.

आणि घासू नका. माझी एक चूक सांगते, आजही आठवलं की हात थांबतो. शिकत होते तेव्हा मुंबईजवळच्या एका दगडखाणीतून ओकेनाइटचा एक नग मिळाला होता, कापसाच्या बोंडासारखे पांढरे गोळे काळ्या दगडाच्या पोकळीत बसलेले, एकेक गोळा हजारो मऊ तंतूंचा. त्यावर माती होती म्हणून मी टूथब्रशने पाण्याखाली हळूच घासला. एका मिनिटात सगळे तंतू चिकटून गोळ्यांची ओली वात झाली. शिक्षक काहीच बोलले नाहीत, नुसता तो नग हातात घेऊन बघत राहिले. कित्येक लाख वर्षं अंधारात कुणीही न हात लावलेली वस्तू होती ती, आणि मला तिच्यातलं मोलाचं काय हेच कळलं नव्हतं. केसासारखं, सुईसारखं, कापसासारखं काही दिसलं तर त्याला बोट सुद्धा लावायचं नाही, फुंकर पण नाही, कापसात तर चुकूनही गुंडाळायचं नाही कारण कापसाचे धागे अडकतात. डब्यात खाली दगड घट्ट बसव आणि वरची बाजू मोकळी ठेव.

किंमत कशावर ठरते ते आता ऐक. आकारावर नाही, हे घरात सगळ्यांना सांग, कारण भावाने सगळ्यात मोठे तोडून आणले असणार. टोकं शाबूत पाहिजेत. एक टोक टवका उडालेलं असलं की निम्म्याहून जास्त मोल जातं असं धरून चाल. मूळ काळ्या दगडावर बसलेला खडा सुट्या खड्यापेक्षा भारी, म्हणून हातोडीने खडे सोडवून काढणं म्हणजे आपल्याच हाताने किंमत उतरवणं. रंग. पांढरा अपोफिलाइट ढिगाने मिळतो, हिरवा कमी, हा हिरवा रंग व्हॅनेडियम नावाच्या धातूमुळे येतो, पुण्याच्या पाषाण टेकड्यांमधून निघालेले हिरवे जुन्या संग्रहांमध्ये फार मानाने ठेवलेत. एकाच दगडावर दोन-तीन प्रकार छान मांडून बसलेले असले तर आणखी मोल. आणि सगळ्यात शेवटी, पण खरं तर सगळ्यात आधी, तो कुठे सापडला ही माहिती.

माहिती नसलेला नग अनाथ असतो. प्रत्येक चांगल्या नगाला नंबर दे आणि वहीत लिही, गाव, गट नंबर, किती फुटांवर, कुठल्या तारखेला, पोकळीच्या छतावर होता की तळाला, शेजारी काय होतं. शक्य असेल तर विहिरीत बॅटरी धरून पोकळीचे फोटो काढायला विहीरवाल्यांना सांग (तू उतरू नकोस). हे का एवढं सांगते? भोर घाटातून रेल्वे काढली, 1856 ते 1863 या काळात, तेव्हा बोगदे फोडताना असेच खडे निघाले आणि परदेशी म्युझियममध्ये जाऊन बसले. आज तो घाट पुन्हा फोडता येत नाही. नगासोबतची माहितीची चिठ्ठी शाबूत राहिली म्हणून आपल्याला कळतं की हे आपल्या खंडाळ्याचे आहेत. वाघोलीचं पण तसंच. कॅव्हनसाइट नावाचा गडद निळा खडा आहे, मोरपिसाच्या आतल्या निळ्यासारखा, अमेरिकेत ओरेगॉनमध्ये सापडलेल्या नमुन्यांचा अभ्यास करून 1973 मध्ये त्याला हे नाव दिलं गेलं, पण जगातले सगळ्यात सुंदर नग निघाले आपल्या पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणींतून, जिथे लोक रस्त्याची खडी पाडायला दगड फोडत होते. किती निळं सोनं क्रशरमधून खडी होऊन रस्त्याखाली गेलं असेल या विचाराने मला अजून वाईट वाटतं. ज्याने पहिल्यांदा तो निळा ठिपका बघून घण थांबवला त्या कामगाराचं नाव कुठल्या पुस्तकात मी वाचलेलं नाही, असायला पाहिजे होतं. राहुरीजवळ मोमीन आखाड्याला पण असंच, विहिरी काढताना गोल गोल चमकणारे अपोफिलाइटचे गोळे निघाले, जगभरचे संग्राहक आज त्या गावाचं नाव घेतात. तुमच्या गावाचं नाव कुणी घ्यायचं असेल तर ती चिठ्ठी तूच लिहायला हवीस.

त्या माणसाला द्यायचं का? सगळं नको, आणि आत्ता तर नकोच. आधी सिन्नरचं गारगोटी म्युझियम बघून ये, तुम्हाला फार लांब नाही, वडिलांना आणि भावाला दोघांनाही ने. के. सी. पांडे यांनी उभं केलंय ते. तिथे तुमच्याच भागातले स्टिल्बाइट आणि अपोफिलाइट काचेमागे कसे मांडलेत ते एकदा डोळ्यांनी बघितलं की घरातला निम्मा वाद मिटेल. मग जवळच्या कॉलेजच्या भूगर्भशास्त्र विभागात फोटो दाखव, शिकवणाऱ्यांना अशा गोष्टी बघायला मनापासून आवडतात. नंतर दोन-तीन खरेदीदारांना नग वेगवेगळे मांडून दाखवा आणि प्रत्येक नगाचा भाव वेगळा विचारा. एक-दोन चांगले मात्र विकूच नका, घरात राहू द्या.

कायद्याचं पण बघ. शेत आपलं असलं तरी जमिनीखालच्या खनिजावर सरकारचा हक्क लागतो आणि विकायचं म्हटलं की गौण खनिजाचे नियम मधे येऊ शकतात, म्हणून तहसील कार्यालयात किंवा जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्याकडे वडिलांनी एकदा सरळ जाऊन विचारावं, लेखी घ्यावं. आणि खड्यांसाठी म्हणून आणखी सुरुंग लावायचं भावाच्या डोक्यात आलंय असं तू शेवटी लिहिलंयस, ते अजिबात नको. एक पोकळी सापडली म्हणजे शेजारी दुसरी असेलच असं काही नसतं, आणि असली तरी सुरुंग आतले खडे चुरा करूनच ती उघडेल. विहीर पाण्यासाठी काढलीय, ती पाण्यासाठीच पुरी करा.

बाजारातून कुणी असले दगड "आमच्याकडचे यापेक्षा भारी" म्हणून विकायला आणले तर घेऊ नका. ओकेनाइटचे गोळे गुलाबी-निळे रंगवून विकतात, सुटे खडे गोंदाने दुसऱ्या दगडावर चिकटवतात. रंग आहे का बघायला नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये भिजवलेली काडी मागच्या बाजूला फिरवायची, रंग उतरला तर कळतंच.

आता तुझ्या चौथ्या फोटोबद्दल, ज्याच्यासाठी मी खरं तर आजच उत्तर लिहायला बसले. फोटो तू पाटीतल्या हिरव्या खड्यांचा काढलायस, पण मागे बांधाला टेकवून एक ढीग दिसतोय, आणि तू लिहिलंयस की भावाने "पिवळट घाण लागलेले" तुकडे बाजूला टाकलेत, ते ट्रॅक्टरने शेताच्या रस्त्यावर टाकणार आहेत. मी तो फोटो मोठा करून करून बघितला. त्या ढिगात पुढे एक तुकडा आहे, त्यावर स्टिल्बाइटच्या मधे मधासारखे पिवळे, छोटे, दोन पिरॅमिड बुडाला बूड लावून जोडल्यासारखे खडे दिसतायत. फोटोवरून मी खात्री देऊ शकत नाही, पिवळा कॅल्साइट पण असू शकतो. पण ते पॉवेलाइट असू शकतं. पॉवेलाइट म्हणजे कॅल्शियम आणि मॉलिब्डेनमचा खडा, नाशिकच्या परिसरातून त्याचे जगात नावाजलेले नग निघालेत, आणि तुमच्या त्या दोन पाट्यांमधल्या कुठल्याही हिरव्या खड्यापेक्षा तो खूप दुर्मिळ आहे.

तपासायचं असेल तर लिंबाचा थेंब कडेच्या एखाद्या तुटक्या पिवळ्या कणावर टाकून भिंगातून बघ, बुडबुडे आले तर कॅल्साइट, विषय संपला. बुडबुडे नाही आले, आणि हातात घेतल्यावर तुकडा त्याच्या आकाराच्या मानाने जड लागला, तर पुढे काही करू नकोस. पॉवेलाइट अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली अंधारात पिवळा उजळतो, पण त्याला शॉर्टवेव्हचा, म्हणजे कमी तरंगलांबीचा, दिवा लागतो, दुकानात नोटा तपासायला असतो त्या दिव्याखाली नीट दिसेलच असं नाही, त्यामुळे तिथे उजळला नाही म्हणून टाकून देऊ नका. तो दिवा कॉलेजच्या लॅबमध्ये असतो.

तो ढीग अजून बांधावर आहे ना? वडिलांना आत्ता फोन कर आणि ट्रॅक्टरवाल्याला उद्या येऊ नको म्हणून सांग. मग पोत्यावर वर्तमानपत्र पसरून एकेक तुकडा हाताने उचलून ठेव, एकमेकांवर न टाकता, आणि मला दिवसाच्या उजेडात, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून, जवळून फोटो पाठव.